ट्रॉली आपली, पुरावा कोठे?

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा आणि हुमणी यांवर लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे, पण तोही तुमच्या वावराच्या धुऱ्यावरच उभा आहे. तो म्हणजे आपला ट्रॅक्टर, आपली ट्रॉली आणि आपली मोटारसायकल. ही वाहने चोरीला गेली तर कायदा काय करतो, आणि चोरीला जाण्याआधी आपण काय करून ठेवावे, याबद्दल चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. मी शेतीचा पदविकाधारक आहे, वकील नव्हे. तेव्हा कायद्याचा भाग जाणकारांना विचारून, कलमे वाचून लिहिला आहे. प्रत्यक्ष प्रसंग आला तर वकिलांचा सल्ला घ्यावाच.

हे लिहावे असे वाटण्यास एक कारण घडले. आपल्या भागातील एका सभासदाची ट्रॉली आषाढात रातोरात गेली. हंगाम संपल्यावर तिला कोण विचारतो? वावराच्या धुऱ्यावर बाभळीखाली ती उभी होती. पाऊस पडत होता, दोन दिवस कोणी तिकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर चाकांच्या खुणासुद्धा धुऊन गेलेल्या. शोधाशोध झाली, पोळ्यापर्यंत त्यांनी आशाही सोडली. मग एका नातेवाइकाच्या कार्याला पैनगंगेपलीकडे गेले असता त्यांना ती ट्रॉली एका खळ्यात उभी दिसली. लाल होती ती निळी झाली होती. पण मागच्या फाळक्याला त्यांनी स्वतः मारलेले पत्र्याचे ठिगळ आणि त्यावरचा वेल्डिंगचा वाकडा टाका तसाच होता.

ते धावत माझ्याकडे आले. "साहेब, ट्रॉली माहीच हाय, डोळे झाकून सांगतो. पन ठाणेदार म्हंते कागद दाखव. कागद कुठून आणू?"

कागद खरोखरच नव्हता. ट्रॉली गावाकडच्या वर्कशॉपमध्ये बांधून घेतलेली. पावती घेतली नाही, कारण पावती घेतली की कर लागतो. नोंदणी केली नाही, कारण कोणी विचारले नाही. चासीवर नंबर ठोकलेला नाही. ज्याने बांधली त्याच्या वहीत नाव नाही. आणि समोरच्या माणसाकडे मात्र शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर लिहिलेली खरेदी होती, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. तोही आपल्यासारखाच शेतकरी. त्याने कोणा तिऱ्हाइताला रोख पैसे मोजले होते. आज ती ट्रॉली पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे, टायर जमिनीत बसले आहेत, फाळक्याखाली गवत वाढले आहे आणि दोघेही शेतकरी तारखांना जातात.

यात माझाही वाटा आहे हे मी लपवीत नाही. हीच ट्रॉली तीन हंगाम ऊस वाहत होती. वाहतुकीचा करार करताना तिचे कागद मी पाहिले का? नाही पाहिले. ऊस वाळत होता, टोळी येऊन बसली होती, गाडी मिळते आहे ना मग झाले, असे म्हणून मी सही केली. एकदा जरी तिच्या नोंदणीचा आग्रह धरला असता तर त्या सभासदाला आज ठाण्यात दाखवायला एक कागद तरी असता.

आता कायद्याकडे वळू. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड विधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. जुने विधान १८६० सालचे, त्यातले चोरीचे कलम ३७९ सर्वांच्या तोंडी होते. नव्या संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आली आहे. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या चोरीला अजून जुनेच कलम लागते. साध्या चोरीची शिक्षा दोन्हीकडे तीच आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्यात भर अशी की दुसऱ्यांदा किंवा पुन्हा पुन्हा दोषी ठरणाऱ्यास कमीत कमी एक वर्ष व जास्तीत जास्त पाच वर्षे सक्तमजुरी आहे, आणि दंडही आहे.

मात्र वाहनाच्या बाबतीत कलम ३०५ नीट वाचावयास हवे. माल किंवा प्रवासी वाहून नेण्यासाठी वापरले जाणारे वाहन चोरले, किंवा अशा वाहनातून एखादी वस्तू चोरली, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. ट्रक, टेम्पो, प्रवासी रिक्षा यात सरळ बसतात. ऊस वाहणारी ट्रॉली बसते की नाही, हे पोलिसांनी लावलेल्या कलमावर आणि शेवटी न्यायालयावर अवलंबून आहे. म्हणून फिर्याद देताना वाहन कशासाठी वापरतो हे स्पष्ट लिहवून घ्यावे. नुसते "माझी ट्रॉली गेली" असे न लिहिता "साखर कारखान्याचा ऊस वाहण्यासाठी वापरली जाणारी ट्रॉली गेली" असे लिहावे. आपल्याच नोकराने नेले तर कलम ३०६ प्रमाणे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. टोळी करून, संघटितपणे वाहनचोरीचा धंदा चालविणाऱ्यांसाठी कलम १११ आहे. त्यात वाहनचोरीचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. तेथे शिक्षा किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आणि दंड पाच लाखांच्या खाली नाही.

चोरी केव्हा पूर्ण होते याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. गाडी गावाबाहेर गेली म्हणजे चोरी झाली, असे नाही. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीवाचून, लबाडीच्या हेतूने जागची हलविली की चोरी झालीच. धुऱ्यावरून दहा पावले ढकलत नेली तरी पुरे. आणि "परत आणून देणारच होतो, जरा फिरवून आणली," हेही नेहमी चालत नाही. याबाबत एक जुना खटला मोठा गमतीचा आहे. १९५२ साली जोधपूरच्या हवाई दलाच्या शाळेतील एका शिकाऊ उमेदवाराने परवानगी न घेता विमानच उडविले आणि ते पाकिस्तानच्या हद्दीत जाऊन उतरले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चोरीची शिक्षा कायम केली. वस्तू कायमची लाटण्याचा हेतू नव्हता तरी थोड्या वेळापुरता लबाडीने घेतलेला फायदासुद्धा चोरीत येतो, असे त्यातून ठरले. विमानाला जे लागू ते शेजाऱ्याच्या मोटारसायकलीलाही लागू आहे, हे गावातल्या पोरांना सांगून ठेवावे. लबाडीचा हेतू सिद्ध झाला नाही तरी मोटार वाहन कायद्याचे कलम १९७ उरतेच. मालकाच्या परवानगीशिवाय गाडी नेली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एक बारीक मुद्दा, पण उपयोगाचा. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल आणि चोर पहिल्यांदाच सापडला असेल, तर त्याने माल किंवा किंमत परत दिल्यावर त्याला केवळ सामुदायिक सेवेची शिक्षा होते. असे प्रकरण अदखलपात्र धरले जाते, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी गेली की आपण ठाण्यात जाऊन "हजार-दोन हजाराची जुनी बॅटरी होती साहेब" असे भिडेखातर सांगतो. तसे न सांगता बिल दाखवावे व त्यावरची खरी किंमत लिहवावी. बॅटरीचे बिल जपून ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

शिक्षेचे एवढे पुरे. माझ्या मते आपल्या सभासदांना चोराच्या शिक्षेपेक्षा दुसरे कलम अधिक कळले पाहिजे, ते म्हणजे ३१७. हे कलम चोरीचा माल घेणाऱ्यासाठी आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसे समजण्यास कारण असून, तो लबाडीने घेतला वा जवळ ठेवला तर घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद. जो सवयीने असा माल घेतो-विकतो त्याला दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. "समजण्यास कारण असून" हे शब्द लक्षात ठेवा. निम्म्या किमतीत ट्रॉली मिळते, विकणारा आपल्या गावचा नाही, कागद "घरी राहिले, नंतर पाठवतो" म्हणतो, रंग ताजा आहे, व्यवहार रात्री आणि रोखीत. एवढे सगळे डोळ्यांसमोर असताना मला काही ठाऊक नव्हते असे न्यायालयात म्हणणे अवघड जाते.

आणि खरोखर ठाऊक नसले तरी वाहन जातेच. ज्याच्याकडे मालकी नाही तो मालकी देऊ शकत नाही, हे १९३० च्या माल विक्री कायद्याचे तत्त्व आहे. स्टँप पेपरवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून चोरीचे वाहन आपले होत नाही. पैनगंगेपलीकडच्या त्या शेतकऱ्याला हे कोणी वेळेवर सांगितले असते तर त्याचे पैसे वाचले असते. आपला जिल्हा कसा आहे ते पाहा. उमरखेडहून पूल ओलांडला की नांदेड जिल्हा, पुसदहून पुढे गेले की वाशीम आणि हिंगोली, पांढरकवड्याकडून महामार्गाने खाली उतरले की तेलंगणातले आदिलाबाद. तुळजापूर-नागपूर रस्ता उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ असा आपल्या दारावरून जातो. रात्री अकराला निघालेले वाहन पहाटे दुसऱ्या जिल्ह्यात असते. तसेच तिकडचे वाहन इकडे येते. म्हणून एम.एच. २९ शिवाय दुसऱ्या क्रमांकाचे जुने वाहन घेताना दुप्पट सावध राहावे. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईलवरील ॲपवर नंबर टाकला की मालकाचे नाव अर्धवट दिसते, विमा केव्हापर्यंत आहे, कर्जाचा बोजा आहे का, हेही कळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने चोरीस गेलेल्या व सापडलेल्या वाहनांची माहिती पाहण्याची सोयही केलेली आहे. ज्यांना हे जमत नाही त्यांनी गावातल्या शिकलेल्या पोरास सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे.

विकणाऱ्यानेही निष्काळजी राहू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात वाहन विकले तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून देणे ही आपल्याकडची फार वाईट खोड आहे. त्या सह्यांवर वाहन तीन-चार हातांतून फिरते आणि आर. सी. बुकात नाव तुमचेच राहते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असाच एक खटला निकालात काढला. गाडी अनेकांना विकली गेली होती, अपघात शेवटच्याच्या हातून झाला, पण भरपाईची जबाबदारी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव त्याच्यावर आली. तीच गाडी चोरीच्या कामात वापरली गेली तर पोलीस आधी कोणाचे दार ठोठावतील?

आता मूळ प्रश्न. वाहन आपले आहे हे कशावरून? नंबर प्लेट पाच मिनिटांत बदलते. म्हणूनच १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट येते, आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या वाहनांनाही ती बसविणे आवश्यक केले आहे. त्या प्लेटवर अशोकचक्राची चकाकती खूण असते, लेसरने कोरलेला दहा अंकी क्रमांक असतो, आणि ती ज्या खिळ्यांनी बसते ते एकदा काढले की पुन्हा बसत नाहीत. दुचाकी आणि ट्रॅक्टरसाठी राज्यात तिचा दर ४५० रुपये अधिक कर असा ठरविण्यात आला. पुष्कळांनी ही प्लेट म्हणजे सरकारचा आणखी एक भुर्दंड असे समजून कुरकुर केली. मीही केली. पण प्लेट आणि वाहन यांची गाठ घट्ट करण्याचा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

खरी ओळख मात्र चासी नंबर आणि इंजिन नंबर हीच. मोटारसायकलीचा चासी नंबर हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो. ट्रॅक्टरचा कंपनीप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी असतो. घेतानाच विक्रेत्याकडून जागा दाखवून घ्यावी. चोर हा नंबर कानशीने किंवा ग्राइंडरने घासून टाकतात. पण घासला म्हणजे गेला असे नाही, आणि येथे आपली शेतीची भाषा उपयोगी पडते. एकाच खोलीवर वर्षानुवर्षे नांगरट केली की खाली एक दाबाचा थर तयार होतो हे आपणास ठाऊक आहे. वरून माती कितीही सारखी केली तरी तो थर राहतो, उसाची मुळे तेथे अडतात. लोखंडावर आकडा ठोकताना तसेच होते. आकड्याच्या खालचा धातूही दाबला जातो. वरचा आकडा घासून काढला तरी खालचा दाब शिल्लक असतो. त्यावर योग्य आम्ल लावले की दाबलेला आणि न दाबलेला भाग वेगवेगळ्या वेगाने झिजतो आणि आकडे उमटू लागतात. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत हे काम होते. आता उमटलेले आकडे जुळवून पाहायला तुमच्याजवळ मूळ आकडे लिहिलेले असले पाहिजेत ना? आणि ज्या ट्रॉलीवर कधी नंबर ठोकलाच नाही, तिथे आम्ल लावून काय उमटणार?

कायद्याने ट्रॉली हेही मोटार वाहनच आहे. तिची स्वतंत्र नोंदणी लागते. ज्यांच्या ट्रॉलीची नोंदणी नाही त्यांनी बांधणाऱ्याकडून बिल घेऊन, हंगामाच्या आत परिवहन कार्यालयात चौकशी करावी. ते होईपर्यंत निदान एवढे करा. चासीच्या लोखंडी पट्टीवर, सहज दिसणार नाही अशा दोन ठिकाणी, वेल्डिंगच्या कांडीने आपले नाव, गाव आणि सभासद क्रमांक घाला. एक जागा अशी निवडा की ती फक्त तुम्हालाच माहीत असेल. चारी बाजूंनी फोटो काढा, ठिगळे, वाकलेला फाळका, बदललेला ॲक्सल यांचे जवळून फोटो घ्या, आणि ते एकाच मोबाईलवर न ठेवता मुलाच्या, जावयाच्या मोबाईलवरही पाठवून ठेवा. आपल्या त्या सभासदाकडे ठिगळाचा एक फोटो असता तर पुढचे पुष्कळ सोपे झाले असते. मुलीच्या लग्नातले फोटो निघाले, त्यांत मांडवामागे ट्रॉली दिसते. पण दिसते ती पुढची बाजू.

चोरी झालीच तर पहिला दिवस गमावू नये. आपला माणूस आधी नातेवाइकांना फोन करतो, मग देवर्षीकडे जातो, आठवड्याने ठाण्यात जातो. (रागावू नका, मी पाहिले आहे.) एक खात्री मात्र आधी करून घ्यावी : हप्ते थकले असतील तर कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसांनी तर वाहन नेले नाही ना? तसे असेल तर प्रकरण वेगळे, त्यांनाही दमदाटीने ओढून नेण्याचा अधिकार नाही, पण ती वाट निराळी. चोरी असेल तर १२२-१२३ असे नंबर आठवत बसू नये, ११२ लावावा आणि जवळच्या ठाण्यात जावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी खबर घ्यावीच लागते. "हे हदगावच्या हद्दीत येते, तिकडे जा" असे सांगून परत पाठविता येत नाही. नोंदलेल्या खबरीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. खबर ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्यात नकार मिळाला तर लेखी तक्रार टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, तेथेही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवावे, अशीही तरतूद नव्या संहितेत आहे. आणि त्याच दिवशी परिवहन कार्यालयासही लेखी कळवावे, म्हणजे त्या नंबरावर व्यवहार अडतो.

त्याच दिवशी विमा कंपनीलाही कळवावे. येथे आपल्या लोकांचे सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. फुल इन्शुरन्स हवे. दुसरी, ट्रॅक्टरचा विमा म्हणजे ट्रॉलीचा विमा नव्हे. विमापत्रात ट्रॉली वेगळी लिहिलेली आहे का, तिची किंमत लावली आहे का, हे पाहावे. बहुतेकांच्या कागदावर ती नसते. तिसरी, ट्रॅक्टर कोणाला भाड्याने दिला आणि त्यानेच तो परस्पर विकला तर कायद्याने तो बहुधा विश्वासघात ठरतो, चोरी नव्हे. त्याचे कलम ३१६, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. शिक्षा होईल तेव्हा होईल, पण विमा कंपनी "ही चोरी नाही" म्हणून हात वर करते. "महिन्याला अमुक भाडे देतो, ट्रॅक्टर कामावर लावतो" म्हणणाऱ्याला लेखी करार, ओळखपत्र आणि कामाची जागा पाहिल्याशिवाय किल्ली देऊ नये.

उशिराबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २४ जानेवारी २०२० चा एक निकाल प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने माहीत करून घेण्यासारखा आहे. खटला ट्रॅक्टरचाच होता. २०१० साली चोरी झाली, त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद दिली गेली. विमा कंपनीकडे मात्र मागणी ५२ दिवसांनी गेली. कंपनी म्हणाली, ताबडतोब कळविण्याची अट मोडली, भरपाई नाही. प्रकरण जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत गेले. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरविले की, फिर्याद लगेच दिली असेल, तपास होऊन वाहन सापडले नाही असा पोलिसांचा अंतिम अहवाल असेल आणि मागणी खरी आढळली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळविले एवढ्यावरून भरपाई नाकारता येत नाही. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई हे आपल्या शेजारच्या अमरावतीचे. पुढे २०२५ साली ते देशाचे सरन्यायाधीश झाले. ट्रॅक्टर चोरीला गेलेला शेतकरी पहिले काम पोलिसांना कळविण्याचे करील, हे त्यांच्या निकालात समजून घेतलेले दिसते. मात्र या निकालाचा आधार घेऊन पोलिसांतही उशीर केला तर तो उपयोगी पडणार नाही. तेथे सवलत फिर्यादीच्या तत्परतेवर मिळाली आहे.

किल्ली गाडीलाच ठेवली होती म्हणून कंपनी मागणी नाकारते, हेही नेहमीचे. विम्याच्या अटीचा असा काही भंग झाला तरी चोरीची पूर्ण मागणी फेटाळू नये, पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम द्यावी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००८ पासूनच्या काही निकालांत घेतली आहे. म्हणजे किल्ली विसरण्याची किंमत एक चतुर्थांश. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, तेव्हा दुसरी किल्ली कोठे आहे हे आजच पाहून ठेवा. वाहन न सापडल्यास पोलीस न्यायालयात जो अहवाल पाठवितात त्याला आपल्याकडे "अ समरी" म्हणतात; गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही, असा तिचा अर्थ. ती मंजूर झाल्याची प्रत विम्यासाठी लागते. कंपनीने अन्याय केला असे वाटले तर यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

वाहन सापडले तर ते ठाण्यात कुजू देऊ नये. मालकाने दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून सुपूर्दनाम्यावर ते सोडवून घ्यावे. वाहने ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे ठेवण्यात काही अर्थ नाही, फोटो व पंचनामा करून योग्य हमी घेऊन ती सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर मालाचे वर्णन चौदा दिवसांत तयार करण्याची आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश देण्याची मुदत घातली आहे. पण सुपूर्दनामा मिळतो तो कागद दाखविणाऱ्याला. दोघे दावेदार आणि दोघांकडेही धड कागद नाही, अशा ठिकाणी न्यायालयाला तरी काय करता येईल?

बंदोबस्ताबाबत तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळते. तरी काही गोष्टी. जुन्या ट्रॅक्टरांच्या किल्ल्या एकमेकांना लागतात हे उघड गुपित आहे, म्हणून किल्लीवर विसंबू नये. बॅटरीची जोडणी तोडणारे बटण बसवून घ्यावे आणि ते सीटखाली लपवावे. ट्रॉली सोडताना हुकाची पिन घरी आणावी आणि दांडीतून साखळी ओवून झाडाला कुलूप घालावे. त्याहून सोपे म्हणजे दांडी भिंतीकडे करून ट्रॉली उभी करावी, म्हणजे ट्रॅक्टर मागे लावायला जागाच उरत नाही. पावसाळ्यात धुऱ्यावर, नाल्याकाठी ट्रॉली ठेवू नये. जागा नसेल तर दोघा-तिघांनी मिळून एका आखरावर लावाव्यात. गाडीतळावर रात्री नंबर लागेपर्यंत चालक झोपतात तेव्हा डिझेल आणि बॅटऱ्या जातात; एका गावच्या गाड्या एकत्र लावून आळीपाळीने एकाने जागावे. मोटारसायकलीला हँडल लॉक अधिक पुढच्या चाकाला साखळी, विशेषतः पुसद-उमरखेडच्या बाजारच्या दिवशी.

किल्लीबद्दल उपदेश करण्याचा मला मोठा अधिकार आहे असे नाही. गेल्या वर्षी एका प्लॉटमध्ये कांड्या मोजण्यात मी इतका रमलो की रस्त्यावर मोटारसायकलीला किल्ली तशीच राहिली. अर्ध्या तासाने बकऱ्या चारणारे एक पोर किल्ली घेऊन उसात आले आणि म्हणाले, "साहेब, हे तुमची हाय का? कोनी नेली असती तं?" त्याला चहा पाजला आणि ही गोष्ट ऑफिसात सांगू नकोस, असे बजावले. आता मीच छापून टाकली.

येत्या हंगामाच्या वाहतूक करारापासून गटकार्यालयात मी एक वही ठेवीत आहे. करारास येताना ट्रॅक्टर, ट्रॉली व मोटारसायकल यांच्या आर. सी. बुकाची आणि विम्याची झेरॉक्स आणावी, ट्रॉलीचे फोटो आणावेत, आणि चासी नंबराची छाप आणावी. नोंदणी नसलेल्या ट्रॉलीचा करार मी या वर्षी अडविणार नाही, पण तिचे वर्णन, ठिगळे व खुणांसह, वहीत लिहून मालकाची आणि दोन साक्षीदारांची सही घेईन. छाप घेणे सोपे आहे. नंबरावरचे वंगण रॉकेलच्या बोळ्याने पुसावे, पातळ कागद त्यावर घट्ट धरावा आणि शिसपेन्सिल आडवी घासावी, आकडे पांढरे उमटतात. पेन्सिल मऊ घ्यावी. टोकदार घेतली की कागद फाटतो.